तळाच्या रंगाचे अकरा हजार

पत्र:

काका, नमस्कार. मी बामणोलीच्या पलीकडच्या एका वाडीत राहतो. आमची २० फुटी फायबरची बोट आहे, वडिलांनी सहा वर्षांपूर्वी कोकणातून वापरलेली आणली. मागं २५ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन. सेल्फ आहे, पण दोरीनंही सुरू होतं. वासोटा, तापोळा, दत्तमंदिर अशा फेऱ्या मारतो. जूनमध्ये बोट वर ओढून ताडपत्री टाकली होती. श्रावणात वाऱ्यानं ती फाटली आणि आमचं लक्ष जाईपर्यंत बोटीत गुडघाभर पावसाचं पाणी साठलं. आता वासोटा किल्ला पर्यटकांना सुरू होईल, पाठोपाठ दिवाळीची गर्दी. कोकणातल्या ओळखीच्या मिस्त्रीला फोटो पाठवले, तर त्यानं यादी पाठवली: तळाला अँटीफाउलिंग रंग ११,०००, सगळ्या बोटीला नवा जेलकोट १२,०००, नवा प्रोपेलर ७,५००, बॅटरी ५,५००, इंजिन सर्व्हिस ५,०००, झिंक, स्टीलचे स्क्रू, मरिन ग्रीस असं किरकोळ ३,०००. एकूण ४४,०००. माझ्याकडं १८,००० आहेत. वडील म्हणतात, "पाण्यात गेल्यावर रंग कुणाला दिसतोय, सोड बोट." मिस्त्री म्हणतो, यातलं एकही सोडू नकोस. दाजींकडं नऊ जुनी लाइफ जॅकेटं पडून आहेत, ती फुकट देतो म्हणतात. काय करू?

उत्तर:

यादी दोनदा वाचली. मिस्त्री लबाड नाही, पण त्यानं त्याच्या पाण्याची यादी तुझ्या पाण्याला लावलीय. त्याची बोट बारा महिने खाऱ्या पाण्यात असते. तुझी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात आहे, तेही आठ महिने. कोयनेच्या पाण्यात मीठ नाही, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तर यादीतले बरेच पैसे आपोआप गळतात.

आधी ते ११,००० काढू. अँटीफाउलिंग रंग कशासाठी असतो? समुद्रात बोटीच्या तळाला बार्नॅकल धरतात, कालवांसारखे कवचाचे जीव. ते एकदा चिकटले की पटाशीनं खरवडावे लागतात आणि बोटीचा वेग घटतो. त्यांना बसू न देण्यासाठी त्या रंगात तांबं असतं आणि ते हळूहळू पाण्यात उतरत राहतं. गोड्या पाण्यात बार्नॅकल होत नाहीत. तुझ्या तळाला शेवाळ धरेल, बुळबुळीत हिरवं. ते ओलं असताना नारळाच्या काथ्यानं घासलं की निघतं. वाळू दिलंस तर मात्र चामड्यासारखं बसतं, म्हणून बोट वर ओढली की त्याच दिवशी घास. शिवाय ते पाणी अभयारण्यातलं, काठची गावं त्यातलीच मासळी खातात. तिथं तांब्याचा रंग उतरवण्यासाठी ११,००० मोजायचे कशाला? हा खर्च पूर्ण काट.

झिंकचंही तसंच. धातू गंजू नये म्हणून इंजिनाच्या पायाला जो तुकडा लावतात, तो खाऱ्या पाण्यात झिंकचा असतो. गोड्या पाण्यात झिंकवर पापुद्रा धरतो आणि ते नुसतं वजन होऊन बसतं. तिथं मॅग्नेशियमचा तुकडा लागतो. आत्ता जो आहे तो अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर यंदा हात लावू नकोस, बदलशील तेव्हा मॅग्नेशियमचाच घे. ३१६ नंबरचं स्टील मिठासाठी असतं, तुला ३०४ भरपूर झालं. ग्रीस ट्रॅक्टरच्या दुकानातलं चालेल, फक्त पाण्यानं धुऊन न जाणारं आहे ना, एवढं विचारून घे.

प्रोपेलरचा फोटो तू पाठवला आहेस. दोन पात्यांना खाचा आहेत, तिसरं टोकाला जरा वळलंय. ॲल्युमिनियमचा आहे, वेल्डिंगवाल्याकडून भरून घे आणि कानशीनं धार सारखी कर. नवा घ्यायचाच असेल तर ऑक्टोबरात कशाला? आत्ता धरण भरलेलं असतं. मार्च-एप्रिलात वीज आणि शेतीसाठी पाणी सोडून सोडून पातळी उतरते, तेव्हा धरणात गेलेल्या गावांची जोती, झाडांचे बुंधे वर येऊ लागतात. प्रोपेलर तेव्हा मार खातो. नवाकोरा प्रोपेलर एप्रिलच्या बुंध्यावर आपटण्यापेक्षा जुना दुरुस्त करून वापरलेला बरा.

प्रोपेलर काढशीलच, तर त्यामागचा दांडा नीट बघ. मासेमारीची तंगूस तिथं गुंडाळली जाते. बाहेरून दिसत नाही, पण आतल्या सीलला करवतीसारखी कापते. मग गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल बोटावर घे. मधासारखं असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात घालू नकोस. स्क्रूखालचा छोटा वॉशर दरवेळी नवा टाक.

आणि स्प्लिट पिन. याबाबत मी बोलायला लायक आहे, कारण फजिती माझीच झालेली आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी तापोळ्याला एकाची बोट दुरुस्त करायला गेलो होतो. प्रोपेलरच्या नटमधली पिन मोडली. बॅगेत दुसरी नव्हती, म्हणून बाइंडिंगची तार घातली आणि आठ माणसं घेऊन ट्रायलला निघालो. मध्यावर कुणाची तरी टोपी उडाली, ती घ्यायला रिव्हर्स टाकला. रिव्हर्समध्ये नट सैल झाला, तार तुटली आणि प्रोपेलर गेला तळाला. तो अजून तिथंच आहे. बसायच्या फळ्या उचकटून आम्ही दोन तास वल्हवत काठाला आलो. टोपी शेवटपर्यंत सापडली नाही. पाच-दहा रुपयांची पिन असते. चार घेऊन ठेव.

आता जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराचे १२,०००. सगळ्या बोटीला नवा जेलकोट म्हणजे घराला तडा गेला म्हणून चारी भिंतींना गिलावा. तुझ्या फोटोत उजव्या बाजूला पाण्याच्या रेषेखाली एक वीतभर ओरखडा आहे आणि नाकाशी एक चीर. तेवढंच काम आहे. बाकी बोट वर्ण उडालेली दिसते. ते वय आहे, रोग नाही. वडील रंगाबद्दल बोलले ते त्या अर्थानं बरोबरच आहे.

पण "सोड बोट" यात मी वडिलांच्या बाजूनं नाही. कारण ते गुडघाभर पाणी. मिस्त्रीच्या यादीत त्याचा कुठंच उल्लेख नाही आणि तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

फायबरच्या बोटीच्या मागच्या भिंतीत, जिथं इंजिन टांगलेलं असतं, दोन थर फायबरच्या मध्ये लाकूड किंवा प्लायवूड असतं. इंजिनचं सगळं वजन आणि रेटा त्या लाकडावर. महिनाभर पाणी साठलं की ते बोल्टच्या भोकांतून आत जातं आणि प्लाय आतल्या आत कुजतं. वरून काहीच कळत नाही. तेव्हा आधी हे तपासायचं, बाकी सगळं नंतर.

माठ घेताना आपण टकटक करून बघतो ना, तसं दहाच्या नाण्यानं किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मागची भिंत इंचाइंचानं वाजव. घट्ट जागी टणक आवाज येतो. कुजलेल्या जागी भद्द. ज्या जागी भद्द वाजलं तिथं खडूनं फुली मार. मग इंजिन वर उचलून त्याच्या पायावर अंगाचा भार दे आणि दुसऱ्याला भिंतीकडं बघायला सांग. भिंत लवताना दिसली किंवा कोपऱ्यात केसासारख्या चिरा उघडल्या तर प्रकरण गंभीर. तरीही शंका राहिली तर आतल्या बाजूनं, खाली बोल्टच्या जवळ, ५ मिलिमीटरचं भोक पाड आणि ड्रिलला आलेला भुसा तळहातावर घे. कोरडा, पिवळसर असेल तर भोक रेझिननं बुजव आणि निश्चिंत हो. काळपट, ओला, चहाच्या चोथ्यासारखा निघाला तर माझं ऐक: दिवाळी विसर. ती भिंत उघडून नवीन प्लाय घालावं लागेल. त्याला मिस्त्री लागेल आणि पैसेही जास्त लागतील. दिवाळीत दुसऱ्या कुणाच्या बोटीवर हाताखाली काम कर, कमाव, आणि डिसेंबरात बोट दुरुस्त कर. कुजलेल्या भिंतीवर २५ एचपी टांगून वासोट्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत माणसं न्यायची नाहीत.

प्लाय घ्यायचं झालं तर आयएस ७१० शिक्क्याचं, मरिन प्लाय. इथं काटकसर नको. दुकानदार ३०३ चं पुढं करेल, "वॉटरप्रूफच आहे" म्हणेल. तुकडा मागून घे आणि घरी उकळत ठेव. ७१० च्या प्लायची प्रमाण चाचणी ७२ तास उकळण्याची असते. तू सकाळपासून दुपारपर्यंत उकळलंस तरी भेसळीचं प्लाय पुस्तकासारखं उघडेल. बसायच्या फळ्यांना मात्र ३०३ चालतं, कडांना रंग नीट पाज म्हणजे झालं.

तळातल्या फळ्यांखाली फोम भरलेला आहे का तेही बघ. जुना फोम पाणी पितो आणि ते सोडत नाही. दरवर्षी बोट रिकामी असताना पाणी कुठल्या रेषेपर्यंत येतं ते तुला माहीत असेल. यंदा ती चार बोटं खाली बसली तर चार बोटांचं पाणी तू कायमचं वाहतोयस, आणि तेवढी माणसं कमी घ्यावी लागतील.

आता चीर भरायचं काम. हे तू स्वतः करू शकतोस आणि खरी बचत इथं आहे. एमआयडीसीत पाण्याच्या टाक्या, शेडचे पत्रे करणारे फायबरवाले असतात, त्यांच्याकडून सुटं सामान मिळतं: दोन किलो रेझिन, काचेच्या तंतूंची ४५० ची मॅट मीटरभर, रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि थोडा जेलकोट. बोटीच्या सामानाच्या दुकानातला छोटा डबा घेऊ नकोस, डब्यावरच्या चित्राचेच पैसे जास्त असतात. पण मोठा ड्रम स्वस्त पडतो म्हणून तोही उचलू नकोस. रेझिन सहा महिन्यांत उतरतं, आपल्या उन्हाळ्यात त्याआधीच. चार-पाच बोटवाल्यांनी मिळून आणलं तर मात्र ड्रम परवडतो.

घाई एकाच गोष्टीची करू नकोस, ती म्हणजे वाळण्याची. परवापर्यंत पाऊस होता. रात्री घासलेल्या जागेवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लाव. सकाळी आतून दव धरलं असेल तर फायबर अजून ओलं आहे. कोरडं राहिलं तर काम सुरू कर. ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे, चार दिवस खाऊ दे बोटीला. दव पडायच्या आत, म्हणजे दहा ते तीनच्या दरम्यान रेझिन लाव. थंडीत आणि दमट हवेत ते नुसतं चिकट राहतं.

चीर आहे तेवढीच घासून भरली तर पुढच्या वर्षी पुन्हा उघडते. चिरेच्या दोन्ही बाजूंना उतार करायचा, फायबरच्या जाडीच्या बारापट लांब. ५ मिलिमीटर जाडी असेल तर सहा सेंटिमीटर. बशीसारखा खोलगट आकार आला पाहिजे. घासताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्या धुळीपुढं खाजकुयली बरी. बाहीच्या आणि कॉलरच्या आत आधी पावडर लाव, नंतर थंड पाण्यानं आंघोळ कर. 

एका वेळी पाव किलोच रेझिन घे. आइस्क्रीमचा डबा चालतो. हार्डनर साधारण दीड टक्का, म्हणजे पाव किलोला तीन ते चार मिली. अंदाजपंचे ओतू नकोस. औषधाच्या दुकानातून सुईविना पाच मिलीची सिरिंज आण. रेझिनमध्ये कोबाल्ट, म्हणजे ते लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव्य, आधीच घातलेला आहे का हे दुकानात विचार. वेगळा दिला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. दोन बाटल्या एका पिशवीतसुद्धा आणू नकोस. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावलेला असला तरी शेजारी पाण्याची कळशी ठेव, आणि उडालाच तर पंधरा मिनिटं धुऊन सरळ डॉक्टर गाठ.

मॅटचे तुकडे लहान-मोठे कापून ठेव. आधी लहान, मग मोठे, असे तीन थर. ब्रशनं ठोकत जा, ओढू नकोस. पांढरी मॅट पारदर्शक झाली की रेझिन मुरलं. पांढरा ठिपका दिसतो तिथं हवा आहे, तो आत्ताच दाब. सगळ्यात वर जेलकोट. जेलकोटाला हवा लागली की वरचा थर चिकट राहतो, म्हणून त्यावर खाकी चिकटपट्टीची गुळगुळीत बाजू किंवा प्लॅस्टिकचा कागद दाबून ठेव, तासा-दोन तासांनी सोल.

गाडीच्या गॅरेजातली पुट्टी पाण्याच्या रेषेखाली लावायची नाही. ती पाणी शोषते. घरगुती एम-सीलनं कुणी आधी चीर बुजवली असेल तर ती पूर्ण खरवडून काढ, तसल्या इपॉक्सीवर हे रेझिन धरत नाही. आणि ऑइलपेंट पाण्याखाली कितीही चांगला मारला तरी फोड येतात. पाण्याच्या वर मात्र बिनधास्त मार. नाव, पट्टे, काय हवं ते. पर्यटक फोटो काढतात तो भाग वरचाच असतो.

इंजिनचे ५,००० ठेवायचे. पण काय करून घ्यायचं ते तू सांग, मेकॅनिकवर सोडू नकोस. जूनमधलं पेट्रोल टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये राहिलं का? राहिलं असणार, सगळ्यांचंच राहतं. हल्लीच्या ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यातल्या बामणोलीच्या हवेत चार महिने. ते पाणी खाली बसतं आणि इंजिन पहिल्यांदा तेच ओढतं. जुनं पेट्रोल पूर्ण काढ. बोटीत वापरू नकोस, मोटारसायकलमध्येही घालू नकोस. तळ्यात ओतायचा विचार तर मनातही आणू नकोस. कार्बोरेटर उघडून साफ. पेट्रोलची नळी दुमडून बघ, बारीक भेगा दिसल्या तर नवी, आणि ती इंधनासाठीचीच, बागेची पारदर्शक नळी नाही. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसव. यादीत नसलेली ही एक वस्तू मी तुला घ्यायला लावतोय.

दोन-स्ट्रोकचं तेल स्कूटरचं चालतं असं तुला काठावरचे चार जण सांगतील. स्कूटरचं इंजिन हवेनं थंड होतं, ते जास्त तापतं आणि त्याच्या तेलात त्या हिशेबाची द्रव्यं असतात. पाण्यानं थंड होणाऱ्या आउटबोर्डमध्ये, म्हणजे तुझ्यासारख्या बोटीमागं टांगलेल्या इंजिनात, त्यांची राख पिस्टनवर बसते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेल घे. महाग आहे, पण एक पिस्टन बदलण्याइतकं महाग नाही.

पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, नवा टाकायला सांग. चार महिने कोरडा पडून त्याची पाती एका बाजूला वळून कडक होतात. मग इंजिन थेट तलावात नव्हे, काठावर २०० लिटरच्या ड्रममध्ये पाय बुडवून सुरू कर. मागून पाण्याची धार कोमट आणि जोरात आली पाहिजे. पाण्याविना "जरा आवाज ऐकू" म्हणून दोरी ओढणारे बहाद्दर मी खूप पाहिलेत. त्या एका मिनिटात नवा इंपेलर जळतो.

बॅटरी रात्रभर चार्ज कर आणि चार्जर काढून चार-पाच तासांनी मीटर लाव. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर तिला काही झालेलं नाही. १२ च्या खाली घसरली तर ती गेली, पण तुझं इंजिन दोरीनं सुरू होतं. नवी बॅटरी दिवाळीच्या कमाईतून घे.

बाकी किरकोळ गोष्टी फुकटातल्या. पंक्चरवाल्याकडचे स्कूटरचे टायर बाजूंना बांध, त्यांना गोणपाट गुंडाळ म्हणजे काळे डाग पडणार नाहीत. पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापला की पाणी उपसायला उत्तम. छताला कापड नवं शिवू नकोस, शेतीच्या दुकानातलं हिरवं शेडनेट दुहेरी करून ताडपत्रीवाल्याकडून शिवून घे. आमच्याकडं तासगाव भागात द्राक्षाच्या बागेवर घालायचा प्लॅस्टिकचा कागद एका हंगामानंतर स्वस्तात मिळतो, पुढच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली तो दुसरा थर म्हणून टाक. आणि बोट वर ओढशील तेव्हा मागचा बुच काढून ठेव. यंदा तो लावलेलाच राहिला होता, बरोबर ना? तू लिहिलं नाहीस, पण नाहीतर गुडघाभर पाणी साठलं कसं?

हिशेब बघ. रंग ११, जेलकोट १२, प्रोपेलर साडेसात, किरकोळ ३. साडेतेहतीस हजारांतले बहुतेक वाचले. बॅटरी थांबली. इंजिनाचे ५,००० गेले, रेझिन-मॅट, वेल्डिंग, फिल्टर, तेल धरून आणखी थोडे. तरी बऱ्यापैकी रक्कम हातात उरते. आणि ती कुठं जायची हे ठरलेलं आहे, कारण ४४,००० च्या त्या यादीत एकही लाइफ जॅकेट नाही. आग विझवायचा सिलिंडर नाही. पेट्रोलचं इंजिन आणि दहा माणसं.

दाजींची नऊ जॅकेटं आण, पण भीड बाळगू नकोस, तपास. जॅकेटं पडून राहतात तेव्हा लोक त्यावर बसतात, उशाला घेतात. आतला फोम दबतो आणि पुन्हा फुगत नाही. वाण्याकडची लोखंडी मापं घे, पाच आणि दोन किलोची. पिशवीत घालून जॅकेटला बांध आणि घाटापाशी पाण्यात सोड, दोरी हातात ठेवून. लगेच बुडालं तर ते जॅकेट नाही, उशी आहे. तरंगलं तर तसंच रात्रभर राहू दे. सकाळी वर असेल तर ठेव. मग पट्टे दोन्ही हातांनी हिसका देऊन ओढ, उन्हानं कुजलेला पट्टा तिथंच फाटतो. फाटलेला पट्टा चांभाराकडून नव्या पट्टीनं शिवता येतो, दबलेला फोम कुणाला दुरुस्त करता येत नाही. नऊपैकी चार उरली तरी दाजींचे आभार मान. जेवढी कमी पडतील तेवढी शिक्क्याची नवीन घे, त्यात दोन लहान मुलांच्या मापाची. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं की पोर खालून निसटतं आणि जॅकेट वर राहतं.

मी सांगलीचा. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरातून निघालेल्या माणसांची बोट ब्रह्मनाळला उलटली, ते आमच्याकडं अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून जॅकेट बाकाखाली गठ्ठा करून ठेवायचं नाही, काठावर असतानाच प्रत्येकाच्या अंगावर चढवायचं. पुण्याचे पाहुणे "पोहता येतं हो" म्हणतील. त्यांना म्हणायचं, "असेल साहेब, पण बोट माझी आहे."

कागदांचंही एकदा बघून घे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा या तिन्ही गोष्टी आहेत. तुझ्या पत्रात विम्याचं नाव नाही. मुदत संपली असेल तर उरलेल्या रकमेतला पहिला मान त्याचा, बाकीची जॅकेटं त्याच्या जोडीला.

सगळं झालं की बोट पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी आईकडून वाटीभर पांढरी रांगोळी माग. तळातल्या फळ्या काढून आतून पूर्ण पुसून कोरडं कर आणि दुरुस्तीच्या जागेवर, मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, बुचाभोवती, प्रत्येक बोल्टपाशी पातळ रांगोळी भुरभुर. मग बोट काठालाच दोन तास बांधून ठेव आणि आत कुणालाही चढू देऊ नकोस. जिथं रांगोळी काळवंडेल तिथून पाणी येतंय. मागच्या कोपऱ्यात काळवंडली तर फोटो पाठव, त्यावर मी सदराची वाट न बघता लगेच कळवीन.